सामाईक भिंत

परवा सकाळी विहिरीचा पंप लावायला मागीलदारी गेले आणि तो वास आला. काजूच्या मोहोराचा वास सांगणं अवघड आहे. आंब्याचा मोहोर कसा, लांबूनच हाक मारतो. काजूचा मोहोर तसा नाही. थोडा गोडसर, थोडा तुरट, आणि दव आहे तोवरच. ऊन चढलं की शोधूनही सापडत नाही. मी पंपाच्या बटणावर हात ठेवून तशीच उभी राहिले. आतून अनंत विचारत होता, "अगो, पाणी येईना कशाला?" मी मात्र तीन वर्षांपूर्वीच्या माघात पोचले होते. तेव्हा ह्याच अंगणात चुन्याचा खड्डा होता, घराला धड एक भिंत नव्हती, आणि शेजारचे इनासबाब आमच्याशी बोलत नव्हते.

वेंगुर्ल्याच्या बाजारातून बंदराकडे जाणारा रस्ता सगळ्यांना ठाऊक आहे. त्याला डावीकडे फुटून खाडीकडे उतरणारी आमची आळी मात्र फारशी कुणाला ठाऊक नाही. फोनमधल्या नकाशात तिच्या जागी नुसता हिरवा ठिपका दिसतो. कुरियरवाला अजूनही दरवेळी वैतागून विचारतो, "तुमी नेमके खंय आसास?" अकरा घरं, त्यातली सहा बंद. त्यांच्या चाव्या कुणाच्या मुंबईत, कुणाच्या गोव्यात, कुणाच्या आखातात. कचऱ्याची गाडी तोंडाशी येऊन वळते. पर्यटक येतात ते वाट चुकलेलेच.

आम्हीही वाट चुकूनच आलो होतो. मी बांद्याच्या शाळेत भूगोल शिकवला, अनंतने पाटबंधाऱ्याच्या कचेरीत नकाशे काढले. दोघांची गावं वैभववाडीकडची, घाटाच्या पायथ्याची. समुद्र म्हणजे शाळेची सहल. निवृत्तीनंतर समुद्राजवळ दोन खोल्यांचा फ्लॅट घ्यावा म्हणून वेंगुर्ल्याला आलो, भलत्याच वळणावर वळलो आणि या घरासमोर गाडी मागे घ्यायला थांबलो. एक खिडकी उघडी होती. तिच्या तावदानांना काच नव्हती, बशीएवढे पातळ शिंपले घासून लाकडी चौकटीत बसवले होते. अनंत गाडी वळवेपर्यंत मी ओसरीवर चढून आत डोकावले. शिंपल्यांतून आलेला उजेड जमिनीवर सांडलेल्या दुधासारखा पडला होता. मी त्यात हात धरला. माझाच हात, पण कुणा दुसऱ्याच, बऱ्याच शांत बाईचा असल्यासारखा दिसला.

"काय बघतेस?" अनंतने विचारलं.

"हात," मी म्हटलं. तो समजून चुकला की फ्लॅट आता राहिला.

बंदराला आगबोटी लागत त्या काळात दोन भावांनी हे घर बांधलं होतं. खरं तर दोन घरं, पण आढं एकच. मधली भिंत सामाईक. एका अर्ध्यात थोरल्याचा वंश, दुसऱ्यात धाकट्याचा. आमचा अर्धा आम्ही घेतला फिलूबायकडून. ती म्हापशाला असते, दवाखान्यात नर्स होती, आता निवृत्त. कागदपत्रांच्या दिवशी ती एवढंच म्हणाली, "दुरुस्त करणार म्हणताय, करा. माझ्यानं तिथं पाय टाकवत नाही." मी कारण विचारणार तेवढ्यात अनंतने माझ्या पायावर पाय दिला. तीस वर्षं मुलांना प्रश्न विचारून विचारून मला ती खोड लागली आहे, आणि अनंतला पाय देण्याची.

दुसऱ्या अर्ध्यात इनासबाब राहतात. सत्तरीला टेकलेले, उंच, किंचित वाकलेले. लग्नाकार्यात आणि चर्चमध्ये व्हायोलिन वाजवणारे म्हणून सबंध तालुक्यात ओळखीचे. लग्न केलं नाही. पहिल्या दिवशी आम्ही सामान उतरवत असताना ते आपल्या ओसरीवरून म्हणाले, "येवा. घराक माणूस गावला, बरा झाला." आणि दोन शहाळी पाठवून दिली.

हिवाळा लागला तसा गोविंद मिस्त्री कामाला आला. पन्नाशीचा माणूस, बोलणं कमी, बोटांना चुन्याने पडलेल्या भेगा. पहिल्याच दिवशी त्याने बजावलं, "ह्या भिंतीक सिमेंट लावशात तर आतली ओल आतच रवतली. चुनो लावूया. पण चुन्याक घाई चलत नाय." अंगणात खड्डा खणला. भट्टीत भाजलेले चुनखडे पाण्यात टाकले तेव्हा खड्डा चुलीवरच्या आधणासारखा उकळायला लागला, आणि आम्ही दोघं शहाण्यासुरत्या वयाची माणसं लहान मुलांसारखी काठावर उकिडवी बसून बघत राहिलो. मग तो चुना महिनाभर मुरवायचा. त्यात गुळाचं पाणी घालायचं. मुंग्या येतील म्हटलं, तर मिस्त्री म्हणाला, "येतत. खाऊन जातत."

चुना मुरेपर्यंत आम्ही भिंती खरवडत होतो. वर पोपटी रंग, खाली निळा, त्याखाली शेवंतीच्या रंगाचा एक थर, सगळ्यात खाली पांढरा. शाळेत खडकांचे थर फळ्यावर काढताना मला कधी एवढी मजा आली नव्हती. हा पोपटी कुणी निवडला असेल? निळा कंटाळून बदलला की कुणाच्या लग्नासाठी? दिवसभर अशी स्वतःशीच बडबडत मी खरवडत असायचे आणि केसांत सगळ्या पिढ्यांची धूळ.

मधल्या खोलीत मात्र खरवडणं अडलं. सामाईक भिंतीवर ओल होती. ओल म्हटली की ती ढगासारखी पसरते, तिला कडा नसते. ही ओल चौकोनी होती. उभी, माणसापेक्षा उंच, कडा आखल्यासारख्या सरळ. मिस्त्रीने हातोडीच्या दांड्याने ठोकून बघितलं आणि म्हणाला, "हयसर दार होता. कोणी तरी विटा नि सिमेंट घालून बुजवल्यान." मग तो शिडीवर चढला. त्या चौकोनाच्या बरोबर डोक्यावर घराची मोठी तुळई होती, एकच सलग लाकूड, आमच्याकडून इनासबाबांच्या घरात गेलेलं. त्याने तिच्यात पटाशी टेकवली. पटाशी लोण्यात जावी तशी आत गेली.

सिमेंटच्या विटांमागे कोंडलेली ओल वर चढत चढत तुळई खात होती. विटा काढायच्या, दोन्ही घरांतून टेकू लावायचे, कुजलेला भाग कापून नवं लाकूड सांधायचं, आणि हे सगळं पावसाच्या आत, असा मिस्त्रीचा हिशेब. "नायतर?" अनंतने विचारलं. मिस्त्रीने आधी आमच्या छपराकडे बोट दाखवलं, मग भिंतीपलीकडे.

म्हणजे इनासबाबांना विचारायला हवं होतं. ते सरळ गेलं असतं, पण विचारायला मी गेले.

खरं तर मला तुळईपेक्षा दाराचं कुतूहल जास्त होतं. आळीत चौकशी केली तर जो तो सांगे, जमिनीचं भांडण. फिलूबायच्या बापाने बुजवलं म्हणे, चाळीसेक वर्षं झाली. पण जमिनीच्या भांडणात माणसं अंगणात कुंपण घालतात. घरातलं दार कोण बुजवतं? रविवारी चर्च सुटल्यावर आळीतली चार माणसं इनासबाबांच्या ओसरीवर बसली होती. मी तिथेच, सगळ्यांसमोर, विचारलं, "इनासबाब, ते मधलं दार कशावरून बुजवलं हो?"

त्यांचा चेहरा मिटला. दुसरा शब्द मला सुचत नाही. ते उठले, खांद्यावरचा टॉवेल झटकला आणि म्हणाले, "तुमची भिंत, तुमी बघा." आत गेले. मागे बसलेल्या चौघांनी आपापल्या पायांकडे बघितलं.

त्यानंतर त्यांची ओसरी रिकामी दिसायला लागली. अनंत तुळईचं सांगायला गेला तर दार उघडलं नाही. मिस्त्री आमच्या बाजूने दोन टेकू लावून दुसऱ्या कामावर गेला. चुना खड्ड्यात मुरत राहिला. मोहोर गळून काजूला कोवळी बोंडं धरली. मी शिंपल्यांच्या खिडकीत बसून मनातल्या मनात इनासबाबांना दोष द्यायचे, की एवढं काय विचारलं मी? एकदा हे मोठ्यानेही म्हणाले. अनंत रंध्याला धार लावत होता. मान वर न करता म्हणाला, "तुला काय हवंय ते आधी ठरव. उत्तर हवंय की तुळई?"

मला राग आला, कारण मला उत्तर हवं होतं.

तो राग जायला आठवडा लागला. मग बाजारात ओले काजूगर दिसले, हंगामातले पहिलेच. सोलून बोटं चिकाने काळी झाली. ओल्या खोबऱ्याचं वाटप लावून उसळ केली, डब्यात भरली आणि दुपारी एकटीच इनासबाबांच्या मागच्या दाराने गेले. ते स्वयंपाकघरात विळीवर मासे कापत होते.

"मी त्या दिवशी चुकले," मी म्हटलं. "चार माणसांत विचारायला नको होतं. आताही विचारायला आले नाही. उसळ आणलीय."

त्यांनी माझ्या बोटांकडे बघितलं. "चिको लागलो मा? खोबरेल लावा. साबणान जाणा नाय." मग डबा उघडून वास घेतला आणि मला बसायला स्टूल दिलं. मी गप्प बसले. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात अवघड गप्प बसणं. त्यांनी मासे धुतले, मीठ लावलं, हात पुसले, आणि माझ्याकडे पाठ करूनच बोलायला लागले.

फिलूची आई म्हणजे त्यांची काकी. त्या दाराला लागूनच्या खोलीत ती सहा महिने आजारी पडून होती. इनासबाब तेव्हा सत्तावीस वर्षांचे, लग्नांचे दिवस, आणि नवी गाणी बसवायची होती. फिलूचे वडील दारात येऊन म्हणाले, बायकोला झोप लागत नाही, वाजवणं बंद कर. इनासबाब आतल्या खोलीत गेले, पण बंद केलं नाही.

"पोटाचा होता ता. वाजवल्याशिवाय लग्नाक कोण बोलयतलो माका?" ते म्हणाले. "एके दिवशी तिन्हीसांजेक मी वाजवतंय, आणि पलीकडे एकदम रडणां आयकाक इला. हातात व्हायोलिनचो गज तसोच रवलो. नवव्या दिवशी काकान दार बुजवल्यान. बरोबर केल्यान. मरतल्या माणसाक मी शेवटची झोप घेवक दिलंय नाय." मग म्हणाले, "तेच्यानंतर ह्या घरात मी वाजवलंय नाय. खाडीर जातंय. थंय कोणाची झोपमोड जायत नाय."

आता मला आठवलं की रोज संध्याकाळी ते काळी पेटी घेऊन उतरणीने जाताना दिसत. मला वाटायचं, वाऱ्यासाठी जात असतील. भूगोलाच्या बाईला शेजारच्या माणसाची वाट वाचता आली नव्हती.

निघताना ते म्हणाले, "फोडा भिंत. टेकू लावा. मिस्त्रीक सांगा, कपाट मी सरकवन ठेवतंय."

दार उघडायचं तर फिलूबायला कळवायला हवं असं वाटलं, म्हणून त्या संध्याकाळी फोन केला. इनासबाबांनी सांगितलेलं काहीच मी बोलले नाही. नुसतं दाराचं सांगितलं. ती म्हणाली, "त्याच दाराजवळ आईची खाट होती. पप्पांना वाजवणं सहन व्हायचं नाही. आई मात्र म्हणायची, फिलू, दार बोटभर उघडं ठेव. इनास वाजवतो तेव्हा माझं दुखणं जरा लांब जातं. पप्पा बाहेर गेले की मी उघडून ठेवायची. त्यांना वाटायचं, ती जागी राहते म्हणजे त्रास होतोय. ती ऐकायला जागी राहायची हो."

मी फोन ठेवला. एका घरात गोष्टीचा एक अर्धा, दुसऱ्या घरात दुसरा, आणि मध्ये नऊ इंचांची भिंत. चाळीस वर्षं. आणि दोन्ही अर्धे आता माझ्याकडे, जिचा या घराशी संबंध खिडकीतल्या उजेडापुरता. मी चपला घालून निघालेच होते. अनंतने दारात अडवलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तू सांगू नकोस."

"का? चाळीस वर्षं तो माणूस..."

"म्हणूनच. तू सांगितलंस तर ती शेजारणीची बातमी होईल. तिला सांगू दे."

मी चपला काढल्या. पुन्हा फोन लावला आणि फिलूबायला म्हटलं, भिंत फोडताना तुम्ही इथं असायला हवं. ती नको नको म्हणाली. पप्पांच्या मयताला इनास फाटकाबाहेरच उभा राहिला होता, आत आला नाही, असा माणूस माझ्याशी काय बोलणार. मी म्हटलं, "त्यांना काहीतरी ठाऊक नाही. ते तुम्हालाच ठाऊक आहे. ह्यापुढे मी बोलणार नाही." आणि, अनंतची शपथ, बोलले नाही.

ती आली. रिक्षातून उतरली, ओसरीवर चपला काढल्या आणि आत येऊन मधल्या खोलीच्या दारातच थांबली. मिस्त्रीने विटा काढायला सुरुवात केली. सिमेंट सुटताना घरभर आवाज घुमत होता. वरून चार ओळी निघाल्या तशी जुनी फणसाची चौकट दिसली, तांबूस, जशीच्या तशी. मग पलीकडचा उजेड आला, आणि त्या उजेडात इनासबाबांचा चेहरा. भिंत फुटताना आपल्याला तिथं उभं राहवणार नाही असं ते मिस्त्रीला सकाळी म्हणाले होते. पण उभे होते.

मिस्त्रीने हातोडी खाली ठेवली.

"इनास," फिलूबाय म्हणाली.

"फिलू. म्हातारी झालंस गो."

"आणि तू काय तरणो रवलंस?"

कुणी हसलं नाही. छातीएवढ्या उंच विटा अजून मध्ये होत्या. फिलूबाय पुढे झाली, विटांच्या कडेवर हात ठेवला आणि भराभर, पाठ केलेलं म्हणावं तशी बोलली. "मम्मीक तुजा वाजवणां आवडायचा. ह्या दार माकाच उघडा ठेवूक सांगी. पप्पांक म्हायत नाय होता. शेवटच्या दिवसाय उघडा होता. ती आयकत गेली, इनास."

त्यांनी चौकटीला हात लावला. मला वाटलं, आता रडतील. पण त्यांचा आवाज चढला. "मगे इतकी वर्सां खंय होतंस तू? चाळीस वर्सां! एक कागद लिवूक येय नाय तुका?"

"माका काय म्हायत, तू ह्या मनात घेवन बसलंस ता? माका वाटला, तू रागावलंस. दार बुजवला म्हणान."

"मी? रागावलंय?" ते वळले आणि आत निघून गेले.

आम्ही तिघं आणि मिस्त्री, उरलेल्या भिंतीकडे बघत उभे. मला वाटलं, माझं कुतूहल पुन्हा एकदा नडलं. तेवढ्यात पलीकडून लाकूड फरफटल्याचा आवाज आला. इनासबाब खुर्ची घेऊन आले होते. त्यांनी ती विटांना लावून ठेवली, बसले, आणि मान वर करून म्हणाले, "आता सांग. काय काय आयका ती? सगळा सांग."

अनंतने माझा दंड धरला आणि मला मागीलदारी नेलं. ते सगळं काय होतं, ते मला आजही ठाऊक नाही. फिलूबायने काय सांगितलं, त्यांनी काय विचारलं, यातलं काहीच नाही. विचारण्याच्या खोडीवर मी मिळवलेला तो एकच विजय, आणि तोही दंड धरून मिळवून दिलेला. आम्ही चुन्याच्या खड्ड्याशी बसून राहिलो. मुरलेला चुना आता लोण्यासारखा झाला होता. मिस्त्रीने त्यात बोट बुडवून बघितलं आणि प्रथमच खूश होऊन म्हणाला, "झालो. आता लावूक हरकत नाय."

पाऊस येण्याआधी तुळई सांधून झाली. सागाचा नवा तुकडा अजूनही रंगाने वेगळा दिसतो. अनंत म्हणतो, पॉलिश करून जुन्यासारखा करू. मी करू देत नाही. घर दुरुस्त करताना आपण ते जुन्यासारखं करतोय असं वाटत असतं. पण जुनं म्हणजे नेमकं कधीचं? पोपटी रंगाचं, की निळ्या? दार होतं तेव्हाचं, की बुजवलं तेव्हाचं? मला याचं उत्तर मिळालेलं नाही, आणि हल्ली तशी घाईही वाटत नाही. कागदावर घर आमचं आहे. पण त्यात आमच्या आधी राहून गेलेली माणसं काही रिकाम्या हाती बाहेर पडलेली नाहीत, आणि सगळं घेऊनही गेलेली नाहीत, एवढं मात्र कळलंय.

त्या दिवशीचं एक सांगायचं राहिलं. दुपार कलली तशी फिलूबायची रिक्षा परत आली. मी तिला हाक मारायला मधल्या खोलीत गेले तर तिथं कुणी नाही. विटांची भिंत आणखी दोन ओळींनी उतरली होती, त्या दोघांनीच हातांनी काढलेल्या विटा भिंतीलगत पायरीसारख्या रचून ठेवल्या होत्या. पलीकडे बशा, कप, अर्धा खाल्लेला केक. मी ओसरीवर धावले. फिलूबाय इनासबाबांच्या फाटकातून बाहेर पडून रिक्षात बसत होती, आणि तिच्या चपला आमच्या पायरीवर होत्या.

मी चपला घेऊन पळत सुटले. रिक्षा थांबली. तिने आपल्या अनवाणी पायांकडे बघितलं, विटांच्या लाल धुळीने माखलेल्या, आणि एवढी हसली की रिक्षावालाही वळून हसायला लागला.

"लहानपणी रोज असंच व्हायचं," डोळे पुसत ती म्हणाली. "जायची एका घरातून, यायची दुसऱ्यातून. चपला कायम पलीकडच्या दारात. आईचा रोज ओरडा."

चपला तिने पायात घातल्या नाहीत. मांडीवर घेतल्या आणि रिक्षावाल्याला म्हणाली, "चल रे, हळू चालव."